चाकू माया, हात गोपालचा

ज्या लोकायनं मायी इज्जत घालवली, त्याच लोकायनं थे परत आणून देली. त्यामुळं आभार मानाची मोठी पंचाईत हाय. एकाच माणसाले आधी बोलू का आधी पाया पडू? म्हणून जसं झालं तसंच सांगते. ज्याचं त्यानं आपापलं उचलून घ्याव.

पयले चाकू. भाजीचा नाही, खिशातला. मिटला तं कंगव्याहून लहान, पेनाहून जराक रुंद, अन् असा सपाट का खिशात असला तरी वरून समजत नाही. पण हातात घेतला का वजन लागते. अंगठ्यानं पातं सरकवलं का 'टक्' आवाज येते अन् आतून एक पोलादाची पट्टी येऊन पात्याच्या बुडाशी अडते. मंग कितीबी दाबा, पातं हलत नाही. पट्टी बाजूले सारली का पुन्हा मिटते. बटन नाही, स्प्रिंग नाही, चमचम नाही. ज्यानं बनवला त्याचं नाव मले माहीत नाही, पण थो माणूस कामाचा असन. आपल्याइकडं वस्तू एक तं मजबूत असते, नाही तं बारीक असते. दोन्ही एका जागी म्या पयल्यांदा पाह्यलं. माणसात तं अजून पाह्यलं नाही.

कायले घेतला, हा प्रश्न मले गावातल्या सगळ्यायनं विचारला, अन् ज्यायनं नाही विचारला त्यायनं दुसऱ्याकडून विचारवला. मी बाभुळगावले बंटीभाऊच्या बिछायत केंद्रात कामाले हाय. दहावीत गणिताच्या सरासंग वाजलं, तवापासून. मांडवाचं काम म्हणजे आज दिवसभर सुतळी बांधा, अन् उद्या दिवसभर तीच सुतळी कापा. बंटीभाऊचे बाकीचे पोट्टे सुतळी दातानं तोडत, नाही तं ब्लेडचा तुकडा तोंडात धरून पाइपावर चढत. मले थे पटत नव्हतं. दात मले अजून पन्नास वर्ष पाह्यजे. मंग बंटीभाऊच्या मोबाइलवरून मागवला.

चाकू आला अन् मले वाटलं, माया हाताले सहावं बोट फुटलं. सुतळी कापणं तं हायेच. पण खताच्या थैलीची शिवण उसवा, बाबाच्या टाचेतला बाभळीचा काटा काढा, चार्जरच्या वायरचं साल सोला, पेरूची फोड करून उभ्या उभ्या खा. दिवसातून वीस वेळा लोकं म्हणत, 'कोणाजवळ काही हाय का कापाले?' अन् वीस वेळा मी खिशात हात घाले. त्या टायमाले मले जे वाटे, थे दहावीच्या कोणत्याच पेपरात नाही वाटलं.

अडचण खिशाची होती. पोरीच्या कपड्याले खिसा नसते. हे ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याले एक दिवस मांडवाच्या पाइपावर चढवाले पाह्यजे. टेलरले म्हटलं, सलवारीले खिसा लाव, चांगला खोल. थो म्हणे, "असं काय ठेवतं वं तू खिशात?" म्या काढून दाखवला. त्यानं मंग पुढचं माप लय लांबून घेतलं.

आता विमलताई. आमच्या अन् तिच्या अंगणात तुराट्याचं कूड हाय, पण तिच्या आवाजाले कूड समजत नाही. चाकू आल्याच्या दुसऱ्याच सकाळी आवाज आला.

"काय वं निकिता, खिशात चाकू घेऊन फिरतं म्हणते! उद्या पोराकडले पाह्याले आले तं काय सांगू? पोरीले सैपाक येते, शिवण येते, अन् चाकू चालवता येते?"

"सांगा ना. जेवणाले नावं ठेवाच्या आधी विचार करतीन."

"तोंड पाहा पोट्टीचं! चाकूची गरजच काय तुले?"

दुसरे वामनराव. ग्रामपंचायतीत कारकून होते, आता घरी हायेत, पण अर्ज लिवाची सवय सुटली नाही. गावात कोणाले सर्दी झाली तरी थे अर्ज लिवून देतीन. त्यायनं चाकू चष्म्याजवळ नेऊन पाह्यला अन् म्हणे, "याले लायसन लागते."

"आबा, नऊ इंचाच्या वर असन तं लागते. हे पातं तीन इंच हाय." म्या पट्टी लावून दाखवली.

वामनरावांनी चष्मा काढून पुसला. त्यायले अर्ज हातातून गेल्याचं दुःख झालं असन. मंग एकदम उजळले. "तं मंग 'लायसन लागत नाही' असा दाखला पाह्यजे तुह्याजवळ."

अन् अर्ज लिवला बी. दोन पानी. मी थो घेऊन तालुक्याले एका हापिसात गेली, त्यायनं दुसऱ्या हापिसात पाठवलं, दुसऱ्या हापिसातल्या बाबूनं पूर्ण वाचला, पाणी पेला, अन् म्हणे, "ज्या कागदाची गरज नाही, थो कागद हाय असं लिवून देणारा कागद आमच्याइथं नाही." मी म्हटलं, हेच लिवून द्या. थो बी उठून गेला. माया एक दिवस गेला, पण वामनरावांचा आठवडा चांगला गेला.

हे सगळं चालू असताना आमच्या गोपालचं लग्न जमलं. गोपाल माया मोठा भाऊ. वय तीस. स्वभाव असा का कोणी 'सरक' म्हटलं तं भिंतीत जाईन. चार वर्ष पोरी पाहून झाल्या, पोरी बी त्याले पाहून झाल्या. शेवटी बबितानं हो म्हटलं. लग्न सामूहिक मेळाव्यात होतं, यवतमाळले, लोहाऱ्याच्या बाजूच्या एका मोकळ्या मैदानात. सतरा जोडपी अन् मुहूर्त एकच, बारा वाजून पस्तीस मिनिटं. समितीनं छापील कागद देला होता. मुहूर्ताले जो नवरदेव मंचावर नाही, त्याचं नाव पुढच्या सालच्या यादीत. बबिताच्या मामानं थो कागद आमाले पुन्हा वाचून दाखवला अन् म्हणे, "पुढचा साल-बिल आमच्याकडं नाही बरं. पोरीले दुसरं ठिकाण सांगून आलं हाय. बारा पस्तीसले नवरदेव उभा पाह्यजे, बस."

माय त्या दिवसापासून भिंतीवरच्या घड्याळाले बी नमस्कार करे.

आमच्याकडं हळद लागली का नवरदेवाच्या हातात कट्यार देतेत, टोकाले लिंबू खोसून. लग्न लागेपर्यंत थे लोखंड हातातून सुटलं नाही पाह्यजे. उजव्या हातानं जेवा, डाव्या हातात कट्यार. आमच्या भाऊकीची कट्यार एकच, अन् थे वामनरावांच्या पेटीत राह्यते. हळदीच्या दिवशी सगळे जमा झाले, गोपाल पिवळा होऊन पाटावर बसला, वामनरावांनी पेटी आणली, उघडली, अन् आतून एक कागद काढला.

"कट्यार फुलसावंगीले हाय," थे म्हणे. "मागच्या महिन्यात बहिणीच्या पोराच्या लग्नाले देलती. पण घाबराचं काम नाही, पावती हाय मायाजवळ."

माय म्हणे, "मंग पावतीलेच लिंबू खोसा अन् द्या माया पोराच्या हातात!"

फुलसावंगी म्हणजे जिल्ह्याच्या त्या टोकाले. जाणं-येणं दिवसाचं काम. मंग सुरू झाले सल्ले. विमलताईनं अडकित्ता आणला, त्याचा एक पाय निखळला होता. कोणी विळा म्हटलं. विळा घेऊन गोपाल मांडवात गेला असता तं लोकायनं त्याले चारा कापाले पाठवलं असतं. बंटीभाऊनं गाडीतून स्क्रू-ड्रायव्हर आणला अन् म्हणे, "लोखंडच तं हाय." मंग हळूहळू एकेकाची नजर माया खिशाकडं वळली. सगळ्यात शेवटी विमलताईची.

"लोखंड हाय ना वं थे? का पत्रा?"

"पोलाद हाय."

"मंग दे. खिशात ठेवलं कायले?"

जिनं मले 'चाकूची गरजच काय' म्हणून महिनाभर कुडावरून ऐकवलं, तिनंच माया चाकूच्या टोकाले लिंबू खोसलं. लिंबाच्या रसानं पोलादाले काय होते, थे मले माहीत होतं. पात्यावरून थेंब खाली उतरला, थेट बिजागरीत. मी म्हटलं, भाऊचं लग्न हाय, गप राह्य. हे मी स्वतःले म्हटलं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तं वाजलं असतं.

एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. कट्यार मिटत नाही. चाकू मिटते. अन् गोपालले घाबरल्यावर हातातल्या वस्तूसंग चाळा कराची सवय. त्याच्या अंगठ्याले थे पट्टी सापडली. टक्, चाकू मिटला, लिंबू कापलं जाऊन अर्धं मांडीवर, अर्धं हळदीच्या ताटात. विमलताईनं छातीवर हात मारला. "अवं माय! अपशकुन!" दुसरं लिंबू खोसलं. थे आरतीत पडलं. तिसरं मामेबहिणीच्या चहात. संध्याकाळपर्यंत पाच लिंबं झाली अन् विमलताईनं अपशकुन मोजणं सोडून सरबत केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या गाडीतून निघालो. माय-बाबा पयल्या गाडीनं सामान घेऊन पुढं गेले. आमच्या गाडीत गोपाल, मी, विमलताई अन् वामनराव. अकरा वाजता मैदानाच्या फाटकाशी पोचलो. पाहुणे कोणीतरी मोठे येणार होते, म्हणून पोलिसायनं तपासणीची चौकट उभी केलती. आतून गेलं का पीं वाजे. सतरा नवरदेवाची रांग, सतरायच्या बी हातात लोखंड, त्यामुळं सारखंच पीं पीं चालू. बँडवाल्यायनं थो सूर धरून घेतला होता. आमची पाळी येता येता तास गेला.

मले वाटलं, आता सगळ्याच कट्यारी अडवतीन. तसं नाही झालं. तिथल्या शिपाई मॅडमजवळ सूचनेचा कागद होता. छातीवर नावाची पट्टी, संगीता. चेहरा असा का न हसता बी समजे का बाईले हसता येते. त्यायनं कागद वाचून दाखवला. पारंपरिक कट्यार टोकाले लिंबू असन तं सोडाव. ब्लेड, लायटर अन् मिटणारा चाकू आत नेऊ देऊ नये.

आमच्या पुढच्या नवरदेवाजवळ हातभर कट्यार होती. बकरा एका दमात पडला असता. संगीता मॅडमनं लिंबू दाबून पाह्यलं अन् म्हटलं, "जा, सुखी राहा." मंग गोपाल पुढं आला. त्यानं घाबरून अंगठा हलवला. टक्. सहावं लिंबू मॅडमच्या बुटावर.

"हे काय हाय?"

"कट्यार," गोपाल म्हणे.

"मिटली ना आता माया डोळ्यासमोर."

"थे लहान हाय जी अजून," गोपाल म्हणे. माया भाऊ असा हाय.

मी मधात घुसली. "मॅडम, तिकडं हातभर तलवारी सोडून राह्यले तुमी, अन् ह्या बोटभर चाकूले अडवता? काय होईन याच्यानं?"

"कागदात लिवलं हाय."

"कागद चुकला असन!"

"आवाज कमी."

माया आवाज कमी होत नाही. तेच तं गणिताच्या सराचं म्हणणं होतं. मी आणखी बोलली, अन् बोलता बोलता मले समजलं का आता एकच रस्ता हाय. ज्या चाकूची तारीफ म्या महिनाभर गावभर केलती, त्याले नावं ठेवाची. "अवं मॅडम, हा चाकू हाय का? नुसता देखावा हाय! पेरू बी दोन दमात कापते. सुतळीवर पाच मिनिट घासा लागते. धार म्हणून नाहीच याले. ऑनलाइन फसवलं आमाले!" माया तोंडातून हे निघत होतं अन् मी मनात चाकूची माफी मागत होती.

तेवढ्यात वामनरावांनी अर्ज लिवून तयार केला होता, गाडीच्या बोनेटवर. 'विषय : लहान कट्यारीस प्रवेश मिळणेबाबत.' थे म्हणे, याची आवक करून घ्या. मॅडम म्हणे, आवक आतल्या टेबलावर. वामनराव म्हणे, आत जाऊ द्या. मॅडम म्हणे, पयले चाकू. त्यायनं गोपालच्या मनगटाले धरून चाकू उघडवला, अर्ज हातात घेतला, अन् धार पाह्यासाठी वरच्या कडेवर पातं ठेवलं. ओढलं बी नाही. नुसतं ठेवलं. अर्ज वरपासून खालपर्यंत फाकला, जसं केळीचं पान, अन् 'विषय' इकडं, 'लहान कट्यारीस' तिकडं.

मले एवढा अभिमान वाटला का डोळ्यात पाणी आलं. अन् त्याच टायमाले आमचा सत्यानाश झाला.

"धार नाही म्हणे," संगीता मॅडम म्हणाली. "जप्त करा लागन."

"सोडू नको बे गोपाल!" विमलताई ओरडली. "हातातलं लोखंड सोडलं तं मायाशी गाठ हाय!"

गोपालनं आयुष्यभर सगळ्यायचं ऐकलं. आता एकीकडून पोलीस म्हणे सोड, दुसरीकडून विमलताई म्हणे धर. त्यानं चाकू मिटवला, मूठ वळली, डोळे मिटले अन् उभा राह्यला. आतून लाउडस्पीकर बोलला, सगळ्या नवरदेवायनं मंचावर याव, जोडी नंबर एक ते सतरा. आमचा नंबर नऊ. बारा वाजून आठ मिनिट झाली होती.

मी आणखी दोन वाक्य बोलली, थे इथं लिवासारखी नाहीत. मंग म्या माया जिभेले हातानं धरल्यासारखं केलं. काहून का म्या पाह्यलं, मॅडम बी घड्याळाकडं पाहून राह्यली होती. अन् तिच्या कपाळावर आठी पडलती. थे आठी आमच्यावरची नव्हती, आमच्यासाठी होती. एवढा फरक मले दिसते. दहावी नापास झाल्यानं डोळे जात नाहीत.

मी हळू म्हटलं. मी हळू बोलली तं विमलताईनं वळून पाह्यलं. "मॅडम, चाकू तुमच्या ताब्यात पाह्यजे ना?"

"हाव."

"अन् ताई, लोखंड गोपालच्या हातात पाह्यजे ना?"

"मंग काय!"

"तं दोघायनंच धरा ना."

मॅडमनं कागद पुन्हा वाचला. ओठ हलवत वाचला. "मुद्देमाल माया ताब्यातून अन् नजरेतून गेला नाही पाह्यजे," ती म्हणाली. "मी कुठं उभी राहाव, थे काही लिवलेलं नाही."

मंग दोन अधिकाऱ्यायची बैठक झाली. एक खाकीतली, एक नऊवारीतली. संगीता मॅडमनं जप्तीची कापडी थैली काढली. चाकू मिटून थैलीत जाईन, तोंड सुतळीनं बांधून लाख लागन, सुतळीचं टोक मॅडमच्या हातात, थैली गोपालच्या मुठीत. विमलताईनं विचार केला. "कपड्यातून धरलं तं चालते का?" तिनंच विचारलं अन् तिनंच उत्तर देलं, "चालते. आपण नाही का पदरातून धरत. पण लिंबू पाह्यजे." लिंबू थैलीच्या गाठीले बांधलं. मॅडम म्हणाली, लिंबू जप्तीत धरू का? विमलताई म्हणाली, नको, थे आमचं हाय. वामनरावांनी फाटलेल्या अर्जाच्या मागच्या बाजूनं पंचनामा लिवला. त्यायच्या चेहऱ्यावर असं समाधान म्या त्यायच्या पोराच्या लग्नात बी नव्हतं पाह्यलं. मॅडमनं फाटकावर दुसऱ्या शिपायाले उभं केलं, अन् आमी धावलो.

बारा पंचवीसले गोपाल मंचावर चढला. एका हातात लाख लावलेली थैली, थैलीले लिंबू, लिंबाखालून सुतळी, अन् सुतळीच्या दुसऱ्या टोकाले पोलीस.

हे खालून कसं दिसन, याचा विचार आमी केलाच नव्हता.

पयले पयल्या रांगेतल्या बाया गप्प झाल्या. मंग मागच्या. मंग बँड बी थांबला. बबिताचा मामा अंतरपाट धरून उभा होता. त्यानं पाह्यलं अन् अंतरपाटाचं एक टोक त्याच्या हातातून सुटलं.

"हे काय? काय गुन्हा हाय याच्यावर?"

आता इथं कोणीतरी शांत माणसानं बोलाले पाह्यजे होतं. बोलली मी. "काही नाही मामा, त्याच्याजवळ चाकू सापडला."

"चाकू!"

"त्याचा नाही, माया हाय!"

"बहिणीचा?" मामा मागं सरकला. "आमाले तं म्हटलं होतं, घरचे लोक गरीब स्वभावाचे हायेत!"

"मामा, धार पाह्याले मॅडमनं कागद कापला फक्त..." मी जेवढं सांगे तेवढं बिघडे. मामा म्हणे लग्न थांबवा, मी त्या दुसऱ्या ठिकाणवाल्याले फोन लावतो. माय तिकडून रडत आली. घड्याळात बारा एकोणतीस. भटजीनं माइकवर खोकला काढला. मले वाटलं, मी उभी फाटन त्या अर्जासारखी. चार वर्षाची वाट माया भावाची, अन् माया तीन इंचाच्या हौसेनं कापली.

तेवढ्यात अंतरपाटाच्या मागून आवाज आला. बबिताचा. तिनं मामाले नाही, मले नाही, सरळ गोपाललेच विचारलं.

"काय केलं हो तुमी?"

गोपाल आमच्याशी दिवसात चार शब्द बोलते. थो म्हणे, "मी काहीच नाही केलं. सोड म्हणे तं सोडलं नाही, अन् धर म्हणे तं धरून हाय. कालपासून."

मंग अंतरपाट हलाले लागला. मले वाटलं रडते. हसत होती. असं हसत होती का बाशिंग वाकडं झालं.

"मामा, धरा थो कपडा नीट," ती म्हणाली. "जो माणूस दोघायच्या ओरडण्यात बी हातातलं सोडत नाही, थो मले चालते. अन् पोलिसासमोर लग्न लागून राह्यलं. याच्याहून पक्कं तुमी काय लावून देणार होते?"

मामानं अंतरपाटाचं सुटलेलं टोक उचललं. संगीता मॅडमनं टोपी सरळ केली अन् करवलीसारखी गोपालच्या बाजूले उभी झाली. बारा पस्तीसले मंगलाष्टकं झाली. हार घालाच्या टायमाले गोपालजवळ एकच हात होता, तं हाराचं दुसरं टोक मॅडमनं उचललं. सतरा जोडप्यायच्या फोटोत सोळात दोन माणसं हायेत अन् एकात तीन. थो फोटो आता बबितावहिनीनं कपाटाच्या दारावर लावला हाय.

लग्न लागल्यावर सगळे जेवाले बसले. मी दोन पानं वाढून घेतली, बुंदी, वांग्या-आलूची भाजी, पुऱ्या, अन् फाटकाशी गेली. मॅडम पुन्हा चौकटीजवळ उभी होती, टेबलावर थैली घेऊन. तिनं पान घेतलं अन् वही उघडली.

"वापस न्याचा ना चाकू? सही कर. वय?"

"सतरा."

तिनं पेन खाली ठेवला. "अठरा नाही? मंग पालक लागते. मायले बोलाव."

माय तिकडं विहिणीसंग फोटो काढत होती, बाबा पंगतीत वाढत होते. मी वळली तं मागं विमलताई उभी. हातात पुरी. मायामागं कायले आली होती, मले माहीत नाही. बोलालेच आली असन.

"आण इकडं, मी करतो सही."

"तुमी कोण हिच्या?"

"शेजारीण."

"शेजारीण पालक नाही होत, ताई."

झालं. विमलताईनं पुरी टेबलावर ठेवली. "काहून नाही होत? हे पोट्टी शाळेत गेली नाही तं कोण बोललं? मी. उन्हात पाइपावर चढते तं कोण बोललं? मी. इचे केस, इचा खिसा, इचं तोंड, रोज सकाळी उठून मीच बोलतो. इची माय बी एवढी नाही बोलली इले. सतरा वर्ष झाले. आणखी काय कराले पाह्यजे पालक व्हाले?"

संगीता मॅडमनं थोडा वेळ तिच्याकडं पाह्यलं, थोडा वेळ मायाकडं. मंग वहीत लिवलं. मी उलटं वाचलं. जप्तीचं कारण : लग्न. वापसीचं कारण : लग्न लागलं. पालक : विमलबाई. विमलताईनं जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर दाबून सही केली. म्या दुसरं पान तिच्याकडं सारलं.

मॅडमनं लाख फोडली, चाकू काढला, उघडून पाह्यला अन् ताईजवळ देला. ताईनं पात्यावरचा लिंबाचा पिवळा डाग पाह्यला, पदरानं घासला, पुन्हा पाह्यला, पुन्हा घासला. मंग चाकू मिटाले मले पट्टी दाखवा लागली. मी हात पुढं केला. तिनं चाकू टेबलावर ठेवला.

"हातात नाही देत वं. चाकू हातात देला का भांडण होते."

"आपलं तं रोजच होते, ताई."

तिनं थोडा विचार केला. मंग टेबलावरचा चाकू उचलला अन् माया तळहातावर ठेवला, वरून बोटं दाबून.

"मंग घे."